खतावणी

मेथीची एक जुडी मला २४७ रुपये ५० पैशांना पडते. मंडईत ती पंधरा-वीस रुपयांना मिळते, वर मावशी कढीपत्त्याची काडी फुकट टाकतात. पण ती झाली विकतची मेथी. माझी घरची आहे.

हिशेब असा. दोन ट्रे, कोकोपीटची वीट, दहा किलो गांडूळखत आणि एक झारी, सगळं मिळून ९९० रुपये. झारीशिवाय भागलं असतं, तांब्यानेही पाणी घालता येतं. पण झारीशिवाय बागकाम म्हणजे टायशिवाय मॅनेजर. दाणे फोडणीच्या डब्यातले, म्हणून त्यांचा खर्च धरला नाही. तिसऱ्या दिवशी कोंब आले, सव्विसाव्या दिवशी कापणी. दोन खेपा मिळून चार जुड्या. पहिल्या खेपेची भाजी परतल्यावर कढईच्या तळाशी जे उरलं ते बायकोने चमच्याने गोळा केलं आणि तिघांच्या पानांत वाढलं. डाव्या बाजूला, चटणीच्या जागी.

चौतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे, लिहून ठेवल्याशिवाय एखादी गोष्ट घडली असं मला वाटत नाही. निवृत्त झाल्यावर स्वावलंबी जगायचं ठरवलं तेव्हा पहिल्यांदा काय केलं असेल, तर लाल पुठ्ठ्याची जाड वही आणली आणि वर ‘खतावणी’ असं लिहिलं. बायकोला वाटलं, खताची वही. तिचं फार चुकलं नाही. पुढे त्या वहीत खताचीच पानं जास्त भरली.

या सगळ्याला दुर्गाबाई भागवत जबाबदार आहेत. थोरोचं ‘वॉल्डन’ त्यांनी मराठीत आणलं, ते ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ माझ्या कपाटात वीस वर्षं न वाचता पडून होतं. निवृत्तीच्या दुसऱ्या आठवड्यात काढलं आणि थरारून गेलो. निसर्गवर्णनाने नाही. या माणसाने ४ जुलै १८४५ रोजी तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या खोलीत मुक्काम हलवला आणि त्या खोलीचा खर्च लिहून ठेवला: २८ डॉलर साडेबारा सेंट. घेवडा लावला, त्यात निव्वळ नफा ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. अर्ध्या सेंटपर्यंत! आमच्या शाखेत अर्ध्या रुपयाचा फरक निघाला की लोक स्वतःच्या खिशातून टाकून घरी जायचे. इथे एक तत्त्वज्ञ जंगलात बसून ताळेबंद जुळवत होता. मला माझा माणूस भेटला.

मात्र ऑडिटची सवय जात नाही. दुसऱ्या वाचनात काही गोष्टी खटकल्या. जमीन मित्राची, म्हणजे इमर्सनची. कुऱ्हाड उसनी. आणि खर्चाच्या यादीपाशी हळूच एक खुलासा: कपडे धुणं आणि शिवणटिपण ही कामं बहुतेक बाहेरून करून घेतली आहेत, त्यांची बिलं अजून आलेली नाहीत. आमच्याकडे असली नोंद सापडली असती तर मी लाल शेरा मारला असता. ते मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं.

“मग धूत कोण होतं?” तिने विचारलं.

“असेल कोणी. आई धुवायची असं म्हणतात. गाव दीड मैलावर तर होतं.”

“आणि बिल?”

“ते आलं नव्हतं.”

“बरं,” ती म्हणाली आणि चिमट्यांची टोपली घेऊन बाल्कनीत गेली.

त्याच रात्री जेवताना मी जाहीर केलं की यापुढे दही घरी लावायचं. आई आणि बायको दोघींनी एकदम वर बघितलं. “मग गेली बत्तीस वर्षं तुम्ही काय खाताय?” बायकोने विचारलं. मला खरोखर कल्पना नव्हती. तीच गत तुपाची. फ्रिजमधल्या त्या साईच्या पातेल्याचं पुढे काय होतं, याचा मी कधी पाठपुरावा केला नव्हता. त्यामुळे माझ्या यादीतल्या पहिल्या पाच गोष्टी त्याच रात्री खोडाव्या लागल्या. दही, तूप, लोणचं, मसाला आणि पायपुसणी या बाबतींत आमचं घर स्वावलंबी असल्याचं मला निवृत्तीनंतर तेराव्या दिवशी समजलं.

उरली शेती.

कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला, ‘विपुलाच सृष्टी’ लिहिलं. शेतीचा हिशेब एकरात न मांडता पानांवर पडणाऱ्या उन्हात मांडायचा, ही त्यांची दृष्टी. थोडक्या जागेत, पालापाचोळ्याच्या मातीत माणसाला किती पिकवता येतं, हे त्यांनी सामान्य लोकांकडून करून घेऊन दाखवलं. उन्हाचा हिशेब म्हटल्यावर मी लगेच मांडायला घेतला. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत सूर्य आठ वाजून दहा मिनिटांनी येतो आणि समोरच्या इमारतीच्या टाकीआड नऊ पंचावन्नला जातो. एक तास पंचेचाळीस मिनिटं. सरकारी खिडकीसुद्धा याहून जास्त वेळ उघडी असते. त्यात पहिली वीस मिनिटं ऊन फक्त वाळत घातलेल्या चादरीवर पडतं. चादर सरकवण्याबाबत मी घरात प्रस्ताव मांडला. तो फेटाळला गेला.

मग मी कुंड्याच उन्हाबरोबर सरकवू लागलो. पाऊण फुटाने उजवीकडे, परत पाऊण फुटाने उजवीकडे, अकरा कुंड्या. नऊ पंचावन्नला माझी कंबर आणि सूर्य एकदमच मावळत. डॉक्टरांची फी आणि मलम हा खर्च कुठे टाकावा यावर मी बराच विचार केला आणि शेवटी ‘मशागत’ या सदरात टाकला.

कबुतरांचं सदर वेगळं आहे. पुण्यात बाल्कनी असलेल्या माणसाला त्याबद्दल सांगायला नको आणि नसलेल्याला सांगून पटायचं नाही. पालकाचे कोंब एका सकाळी साफ झाले, एवढंच नोंदवतो.

खताची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण सोसायटीत माझी आजची ओळख तिच्यामुळे आहे. भोकं पाडलेला एक ड्रम आणला. तळाशी नारळाच्या शेंड्या, वर ओला कचरा, त्यावर थोडं आंबट ताक आणि गूळ, म्हणजे विरजण. सांगणाऱ्याने सांगितलं होतं की ओल्याच्या बरोबरीने किंवा त्याहून जास्त सुका पाला घाला. पण ओला कचरा घरात तयार होतो आणि पाला बाहेरून आणावा लागतो, म्हणून मी त्या अटीत थोडी सूट घेतली. आठव्या दिवशी ड्रमने निषेध नोंदवला. वास असा, की खालच्या मजल्यावरचे काका वर आले, दारात उभे राहिले आणि अत्यंत हळुवारपणे म्हणाले, “घरात सगळं ठीक ना?” आई शहाऐंशीची आहे. त्यांचा रोख माझ्या लक्षात आला. मी आईला हाक मारून बाहेर बोलावलं. ती आल्यावर काकांचा जीव भांड्यात पडला, पण वासाचं कोडं सुटेना म्हणून ते आणखी गोंधळले.

सुकं कमी पडलं की ड्रममध्ये हवा खेळत नाही आणि खत होण्याऐवजी नुसतं सडतं. हे समजल्यावर मी पाल्याच्या मागे लागलो. सकाळी साडेसहाला रस्ता झाडणाऱ्या ताईंपाशी पिशवी घेऊन उभा राहिलो. “पाला हवाय? कशाला?” त्यांनी विचारलं. खतासाठी म्हटल्यावर त्यांनी मला ड्रमची उंची, ओल, ढवळण्याची पद्धत असे चार प्रश्न विचारले आणि चारही उत्तरं चुकीची ठरवली. रेन ट्रीची बारीक पानं लवकर कुजतात, आंब्याची चिवट असतात, ती आधी चुरायची, हे त्यांचं ज्ञान. दर मंगळवारी त्या एक पोतं बाजूला ठेवू लागल्या. मी पैसे देऊ केले, तर म्हणाल्या, “खत झालं की एक डबाभर द्या, गुलाबाला.”

मग अळ्या आल्या. बारीकसारीक नव्हेत, चांगल्या नखाएवढ्या, करड्या, शेकड्यांनी. बायको किंचाळली नाही. तिने फक्त बाल्कनीचं दार लावलं आणि कडी घातली. मी बाहेर होतो. काचेतून मी तिला समजावलं की या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या आहेत, कचरा झपाट्याने खातात, घरातल्या माश्यांसारख्या अन्नावर बसत नाहीत, म्हणजे तशा आपल्याच बाजूच्या सैनिक आहेत. “मग राहा त्यांच्याबरोबर छावणीत,” ती आतून म्हणाली.

दोन महिन्यांनी ड्रमच्या तळातून काळं, भुसभुशीत, हलकं असं काहीतरी निघालं. मी मूठभर हुंगलं आणि बायकोपुढे धरलं. लग्नानंतर मी तिला मुद्दाम हुंगायला दिलेली ही दुसरी वस्तू. पहिली नासलं-नासलं वाटणारं दूध. तिने हुंगलं, काही बोलली नाही, पण संध्याकाळी तिच्या मोगऱ्याच्या कुंडीत दोन मुठी कमी झालेलं खत मला दिसलं. मी ते ‘अंतर्गत वर्गणी’ म्हणून लिहिलं.

यशाने माणूस बिघडतो. मी साबणाकडे वळलो. संत्र्या-मोसंब्यांच्या साली तीन भाग, गूळ एक भाग, पाणी दहा भाग. बाटलीत भरून तीन महिने आंबवायचं, की फरशी पुसायचं उत्तम द्रावण तयार. सुरुवातीचा महिनाभर रोज झाकण उघडून आतला वायू सोडायचा. रोज. हा शब्द मी वाचला होता. पण मे महिन्यात भाच्याचं लग्न सांगलीला होतं आणि चार दिवसांनी काय होतंय, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी, मंगलाष्टकं चालू असताना, सेक्रेटरींचा फोन आला. आमच्या बंद घरात स्फोट झाला होता. गॅस असावा म्हणून वॉचमनने पूर्ण विंगचा पुरवठा बंद केला होता आणि अठ्ठावीस कुटुंबं वरण-भाताविना खाली उभी होती. “घरात ज्वलनशील काय आहे?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “मोसंबी.” पलीकडे बराच वेळ शांतता होती.

घरी आलो तेव्हा छताला साली चिकटलेल्या होत्या आणि गुळाच्या वासाने मुंग्यांची रांग छतावरून उलटी चालत होती, अतिशय शिस्तीत. दुसरी बाटली मात्र वाचली. तिच्या द्रावणाने पुसलेली फरशी खरंच लखलखते, पण त्या विषयावर घरात कुणी माझ्याशी बोलायला तयार नाही.

चरखाही घेतला होता. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात ज्याची रचना घडवली तो घडीचा, पेटीतला. येरवडा आमच्यापासून अकरा किलोमीटर, म्हटलं स्थानिक वस्तू आहे, जमेल. एक तास कातलं की माझं सूत एकवीस वेळा तुटतं. सुधारित चरखा करून दाखवणाऱ्याला गांधीजींनी १९२९ साली एक लाखाचं बक्षीस लावलं होतं, त्याअर्थी त्यांच्याही काही तक्रारी असाव्यात. तेवढ्यावर समाधान मानून मी पेटी मिटली.

स्वतःचे केस स्वतः कापण्याचा प्रयोग आठ मिनिटं चालला. नंतर टोपी घालून नेहमीच्या दुकानात गेलो. टोपी काढल्यावर तिथल्या तरुणाने दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि “काका, कुणाकडे गेला होतात?” असं दुखावलेल्या आवाजात विचारलं. मी नाव सांगितलं नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ काढला. १९१५ सालचं पुस्तक. माझी समजूत अशी होती की जुनं खेडं स्वयंपूर्ण, म्हणजे तिथला शेतकरी सगळं स्वतःच करत असणार. पुस्तकात बघतो तर तो बिचारा मुख्यतः शेतीच करत होता. नांगराला सुतार, फाळाला लोहार, मडक्याला कुंभार, हजामतीला न्हावी आणि धुण्याला चक्क परीट. ज्याचं त्याचं बलुतं सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपात चुकतं व्हायचं. त्या रचनेत कुणाच्या पाठीवर किती ओझं होतं, ही गोष्ट विनोदी लेखात बसणारी नाही. पण धुलाईचं बिल ‘अजून आलेलं नाही’ असं म्हणायची सोय आपल्याकडे नव्हती, हे मी बायकोला आपणहून सांगितलं. ती डाळ निवडत होती. “गुण आहे पुस्तकात,” म्हणाली.

कुरडया स्फोटाच्या आधीच्या महिन्यातल्या, एप्रिलमधल्या. त्या जमल्या, कारण त्यांचं नेतृत्व माझ्याकडे नव्हतं. आई वाईची. तिच्या मते कुरडई येत नसलेल्या माणसाने स्वावलंबन वगैरे शब्द वापरू नयेत. गहू तीन दिवस भिजत घातले, रोज पाणी बदललं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक काढला, तो रात्रभर निवळत ठेवला. “झाकण उघडून बघू नकोस,” आईने मला दोनदा बजावलं. (मी बघितलं.) सकाळी वरचं पाणी ओतून टाकलं आणि खाली पांढराशुभ्र, दगडासारखा बसलेला चीक.

गच्चीच्या किल्लीसाठी सेक्रेटरींना लेखी अर्ज लागतो. प्रयोजन या रकान्यात मी ‘वाळवण’ लिहिलं. त्यांनी तो अर्ज तीन दिवस ठेवून घेतला, आणि चीक शिजल्याचा वास जिन्यात पसरल्यावर स्वतः किल्ली घेऊन आले, वाटी-चमच्यासकट. कुणी गरम चीक तेल घालून खाल्ला, कुणी दूधसाखर घालून. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी आणि त्यांच्या सासूबाई पदर खोचून आल्या. विंगमधली पाच-सहा मुलं आली. सोऱ्यात भरायच्या आतच चिकाचा तिसरा हिस्सा संपला. मी घाबरून आईकडे पाहिलं. ती खुर्चीवर बसून काठीने जागा दाखवत होती, “इथे घाल, दाटीवाटी नको,” आणि तिला त्या हिश्श्याचं काही वाटत नव्हतं. तिने तो आधीच धरला होता.

मला कबुतरं हाकायचं काम होतं. शेवटी दया येऊन अकरा कुरडया घालायला दिल्या. कुरडईचा गोल बंद व्हावा लागतो. माझा झाला नाही. त्या माझ्या चेकवरच्या सहीसारख्या दिसत होत्या आणि त्यासुद्धा एकमेकींशी जुळत नव्हत्या.

रात्री नोंद केली. गहू अडीच किलो, हिंग, मीठ, गॅस. मजुरी: शून्य. निव्वळ नफा बऱ्यापैकी होता. वर्षातला पहिला. मी खाली दुहेरी रेघ ओढून झोपलो. पुढच्या आठवड्यात वही उघडली तर ‘शून्य’ या शब्दाशेजारी पेन्सिलीने, बायकोच्या अक्षरात, बारीक लिहिलेलं होतं: ‘बिल अजून आलेलं नाही.’

जूनमध्ये दुधी लावला. पावसाळ्यात वेल असा सुटला की ग्रिल धरून सरळ चौथ्या मजल्याकडे निघाला. वर ऊन जास्त आहे, हे त्याला कुणी वही न लिहिताच कळलं होतं. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. नर फूल लांब दांड्याचं, मादी फुलाच्या मागे बोटाएवढा इवला दुधी असतो. रात्री पतंग येऊन परागीभवन करतात. पण आमच्याकडे पतंग येतील याची खात्री काय, म्हणून मी रंगाचा ब्रश आणि टॉर्च घेऊन रोज साडेसातला ग्रिलला लोंबकळू लागलो. चौथ्या दिवशी वॉचमन वर आला. समोरच्या इमारतीतल्यांनी विचारलं होतं की हे गृहस्थ रोज टॉर्च मारून काय बघतात.

मी खरं ते सांगितलं. “मादी शोधतोय.”

पुढचा खुलासा करायला बायकोला खाली जावं लागलं.

ब्रशने मी नऊ फुलांची लग्नं लावली. नऊच्या नऊ पिवळी पडून गळाली. आणि वर, वहिनींच्या ग्रिलमध्ये, कुणाच्याही मध्यस्थीशिवाय एक दुधी धरला. मी खालून त्याची वाढ बघत होतो. हातभर झाला. वेल माझा, खत माझं, कंबर माझी. पण ऊन, ग्रिल आणि पतंग त्यांचा. मालकी कुणाची, यावर मी वहीत पाऊण पान लिहिलं. ते पूर्ण व्हायच्या आत एका दुपारी बेल वाजली. वहिनी दारात उभ्या होत्या, हातात स्टीलची वाटी, वाटीत दुधी हलवा. “काका, तुमचा दुधी फार गोड निघाला हो!”

हलवा उत्तम होता. तिघांनी मिळून खाल्ला. मी जमेच्या बाजूला लिहिलं: ‘दुधी, नग १. प्रत्यक्ष प्राप्ती, हलवा वाटी १.’ दुसऱ्या दिवशी खाली पेन्सिल होती: ‘वाटी परत द्यायची आहे. रिकामी देऊ नये.’

वाटी तीन दिवस ओट्यावर होती. तिच्यात आपलं, घरचं, काय घालता येईल याची मी यादी केली. मेथी वाटीचा तळ झाकेल इतकीही नव्हती. खताचा विषय मी काढला नाही. उरलेल्या बाटलीतलं द्रावण देऊ का, एवढंच विचारलं, त्यावर आईने जप थांबवून माझ्याकडे पाहिलं. शेवटी मी स्टूल घेऊन माळ्यावरचा कुरडयांचा डबा काढला, चार-पाच मोजून वाटीत ठेवल्या आणि पायांत चपला सरकवल्या.

“थांबा,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. तिने वाटी हातात घेतली, उजेडात धरली आणि त्यातल्या दोन कुरडया उचलून परत डब्यात टाकल्या. “या नको. आईंनी सांगून घातलेल्या द्या. तुमच्या ओळखू येतात.”